चारशे बारा व्हिजिट

एकशे त्रेचाळीस लिंकांपैकी अठ्ठावन्न मेल्या होत्या. मुलांना सुट्टी होती म्हणून प्रमोदिनीबाई सकाळपासून एकेक उघडून बघत बसल्या होत्या. डोळे चुरचुरत होते, मान अवघडली होती. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग शिकायला इंटरनेटवर जे जे चांगलं नि फुकट सापडेल त्याची ही यादी, अंबत्तूरच्या कॉलेजच्या वेबसाइटवर त्यांनी सोळा वर्षं जिवापाड सांभाळली होती. मुलं मात्र हल्ली तिकडे ढुंकूनही बघत नव्हती.

सोमवारपासून नवी वेबसाइट. ज्या पेजला महिन्यात शंभर व्हिजिट नाहीत ते तिच्यात घ्यायचं नाही, असा प्राचार्यांचा हुकूम होता.

“मॅडम, तुमचं पेज पास!” वेबसाइटचं काम बघणारा श्रीवत्स म्हणाला. “तुमच्या स्वतःच्या सोडून चारशे बारा व्हिजिट.”

बाईंचा शीण कुठल्या कुठे पळाला. पण जन्माची खोड जाते थोडीच?

“किती जणांच्या?” त्यांनी विचारलं.

श्रीवत्सने तक्ता उघडला. सगळ्याच्या सगळ्या आवडी गावाहून, म्हणजे बाई राहत तिथूनच. एकाच जुनाट कॉम्प्युटरवरून, रोज दुपारी तीन ते चार. बाई तेव्हा वर्गावर असत. आवडीच्या घरी असत ते उपेंद्रराव, कारखान्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान. महिन्यापूर्वी जेवताना बाई त्यांच्यापाशी या शंभर व्हिजिटचं रडगाणं गायल्या होत्या.

“अय्यो मॅडम, कोण बघतंय? चारशे बारा लिहितो.”

बाईंना मोह झाला, नाही असं नाही. पण एकाच माणसाला चारशेदा विचारलं म्हणजे चारशे माणसं होत नाहीत, हे त्या दरवर्षी पहिल्याच तासाला मुलांना सांगत आल्या होत्या.

“एक लिही,” त्या म्हणाल्या.

“मग पेज जाणार, मॅडम. रविवारी बंद.”

“जाऊ दे.”

तीन वाजून गेले होते. चांगलं खडसावायचं ठरवूनच त्यांनी घरी फोन लावला.

“अहो, काय चाललंय तुमचं?”

“तुझं पेज उघडून बसलोय,” उपेंद्रराव खुशीत म्हणाले. “आधी नुसतीच उघडझाप करत होतो, तुझा आकडा वाढावा म्हणून. मग कंटाळा आला. म्हटलं, वाचून तरी बघू. अगं, सरासरी असताना ते मीडियन कशाला लागतं, ते आज कळलं मला! छत्तीस वर्षं कारखान्यात नुसती सरासरीच काढत आलो. बाविसाव्या लिंकपर्यंत पोचलोय. रोज एकच घेतो, पण नीट घेतो. घाई कसली?”

बाईंनी मान वर केली. समोर श्रीवत्स यादीत त्यांच्या पेजवर फुली मारत होता.

“अहो,” त्या म्हणाल्या, “जरा भराभर वाचा.”