तिसरी रेघ

सुलक्षणाने खापर घमेल्यातल्या पाण्यात बुडवलं, जुन्या टूथब्रशने हलकेच घासलं आणि तिचा हात थांबला. खापरावर तीन रेघा होत्या. दोन रेघांच्या आत जुनी माती घट्ट बसली होती. तिसरी मात्र आतून लालबुंद होती. तिथे कालच कुदळ घसटली असणार.

दोन रेघांची मडकी इथल्या उत्खननात घरोघर सापडत. तीन रेघा ही राजघराण्याची खूण, आणि ती सापडल्याचं सुलक्षणाचे मार्गदर्शक अडिवरेकर सरांनी खापर धुण्याआधीच पत्रकारांना सांगून टाकलं होतं.

"सर, ही रेघ ताजी आहे."

सरांनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उन्हात बसून डोळे थकतात गं," ते शांतपणे म्हणाले. "तुझा प्रबंध एवढ्याच पुराव्यावाचून अडला होता ना? सोमवारी घेऊन ये, सही करतो."

त्या सहीशिवाय प्रबंध कुठेही हलणार नव्हता. राहुटीबाहेर फोटोग्राफर खोळंबला होता. सुलक्षणाने घमेल्याच्या तळाचा चिमूटभर गाळ उचलला आणि अंगठ्याने तिसऱ्या रेघेत दाबला. तिन्ही रेघा एका वयाच्या दिसू लागल्या.

भाजलेल्या मडक्यावर कोरलेली खूण मालकाची, ओल्या मातीत उमटलेली घडवणाऱ्याची, हे सरांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

ओल्या गाळात तिच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उठला होता.