हाताला कळणारे केस

"असे नव्हेत," आरशात बघत ती म्हणाली.

पार्लरवालीने सुस्कारा सोडला. "मॅडम, कुरळे म्हणजे कुरळे. अजून कसे हवेत?"

तिने पर्समधला फोटो पुन्हा पुढे केला. पार्लरवालीने तो पाहून न पाहिल्यासारखं केलं. "माझं ऐका, सरळच ठेवा. तुम्हाला सरळच शोभतात."

हा सल्ला तिला प्रत्येक पार्लरमध्ये न मागता मिळाला होता. एकीने केस ओले करून सतरंजी झाडावी तसे विंचरले होते. दुसरीने काहीतरी उग्र वासाचं थापलं, आणि पुढचे कित्येक दिवस डोक्याचा नुसता काथ्या झाला. कुरळे केस म्हटलं की ह्या बायकांना एकच साचा माहीत. सगळीकडे सारखी वेटोळी, एका मापाची. फोटोतले केस तसे नव्हते. कपाळावर सैल, मानेपाशी घट्ट, आणि कानामागे तर कुणाचंच न ऐकणारे.

तिला नटण्यामुरडण्याची हौस होती असं कुणी समजू नये. साधी पावडर लावायचा तिला कंटाळा. हा सगळा खटाटोप आईसाठी होता.

आई दवाखान्यात होती. नजर गेलेली, कानही गेल्यात जमा. माणूस ओळखायचं ते हाताने. नर्सला मनगटावरच्या घड्याळावरून, मुलाला दाढीवरून. आणि हे केस म्हणजे तर लाखात एक खूण. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता हवं ते खाऊ घाला, हव्या त्या माणसांना भेटवा.

त्या काथ्या झालेल्या केसांनी ती एकदा आईपुढे जाऊन बसली होती. आईने डोक्यावरून हात फिरवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"कोण गं तू?"

जिन्यात उभी राहून ती ढसाढसा रडली होती.

"आईंना खरं काय ते सांगून टाक," नवरा म्हणाला.

"तू सांगशील?"

नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला. संसारात असे प्रश्न आले की त्याचा चष्मा हमखास मळायचा.

शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने आणखी एका पार्लरचा पत्ता दिला. तिथली बाई जराशी तुसडी होती. तिचे स्वतःचे केस कुरळे होते आणि ते तिने कसेतरी वर बांधून टाकले होते. वेळ सकाळचीच मिळेल, म्हणाली, आणि घाई असेल तर येऊच नका.

तिने फोटो काढला. बाईने तो हातात घेतला आणि विचारलं, "हे केस बघणार कोण?"

"बघणार कुणी नाही. माझी आई हात लावणार आहे. तिला दिसत नाही."

बाईने फोटो परत दिला. "मग हा ठेवा आत. हाताला कसे लागायला हवेत ते सांगा."

इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने डोळे मिटले.

"बोट घातलं की अडकायचं. ओढून सोडलं की केस परत वर जायचे. मानेपाशी कंगवा चालायचाच नाही, आई तेल लावून बोटांनी गुंता सोडवायची. अर्धा वेळ त्यातच जायचा."

"झोपायची सवय कुठल्या कुशीवर?"

तिने आठवून पाहिलं. "उजव्या."

"मग त्या बाजूचे जरा चेपलेले ठेवते."

बाईने मानेपाशी बारीक रोलर लावले, कपाळाशी जाड, आणि कानामागे केस नुसतेच बोटाला गुंडाळले. कंगव्याला हातही लावला नाही. मधूनमधून डोळे मिटून ती केस चाचपून बघायची आणि स्वतःशीच मान हलवायची. सगळी सकाळ त्यातच गेली.

दवाखान्यात पोचेपर्यंत दुपारची जेवणं उरकली होती. नर्स आधी बघतच राहिली.

"अय्या, ओळखलंच नाही तुम्हाला! बरं झालं आलात. आज आजी तोंडच उघडत नाहीत. चहा नाही, जेवण नाही."

ती खोलीत गेली, दार लोटलं आणि पलंगाला टेकून खाली बसली. आईचा हात उचलून तिने आपल्या डोक्यावर ठेवला.

बोटं केसांत शिरली. अडकली. एक बट ओढून आईने सोडून दिली. मग बोटं मानेपाशी गेली आणि तिथेच रेंगाळली. आईचा सगळा चेहरा उजळला.

"ताई! आलीस गं बाई!"

ताई अपघातात गेली त्याला वर्ष होत आलं होतं. आईला ते कुणी सांगितलं नव्हतं. परदेशात आहे, येईल, एवढंच. आणि आई रोज विचारायची, ताई कधी येणार? रोज सकाळी येऊन घास भरवणाऱ्या धाकटीलाच विचारायची. घरात सगळे तिला बारकी म्हणत. बारकीचे केस जन्मापासून सुतासारखे सरळ. त्यांवरून आईने कधी मायेने हात फिरवल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि ह्या घटकेलाही तिला त्याचं वाईट वाटलं.

पण आईचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"हो आई. आले," ती कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली.

आई बराच वेळ केस कुरवाळत राहिली. मग हात थांबला.

"दार लावलंस?"

"लावलं."

"मग आता माझ्यापासून लपवू नकोस." आईने केस मुठीत धरले. "बारकी आज सकाळची आली नाही. ती आली नाही असं कधी होत नाही. माझ्या बारकीला काही झालं, म्हणूनच तू आलीस ना गं, ताई?"