पहिल्या भागाच्या आधी

हर्सूलच्या घरात भर दुपारी राजकुमार एका नव्या हॉरर गेमचं परीक्षण रेकॉर्ड करत होता. गाजलेल्या पहिल्या भागाच्या आधी काय घडलं, ते या गेममध्ये होतं.

"अंधार आणि आवाज जबरदस्त जमलेत," तो माईकमध्ये म्हणाला. "दोष एकच. बंद खोलीतली नर्स मरणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तिला वाचवताच येत नाही."

तेवढ्यात हेडफोनमध्ये त्या खोलीचं दार आतून वाजलं.

"दादा, दार उघड ना. लई गुदमरतंय."

गेम इंग्रजी होता. आवाज मात्र करुणाचा होता. त्याची ही धाकटी बहीण गेल्या वर्षी दम्यानं गेली होती, तो घरी पोचायच्या आत.

राजकुमारनं एकेक बटण दाबून पाहिलं. दार हलेना. गेम पुन्हा सुरू करून तो पुन्हा त्याच दाराशी धावला.

"उघडतो गं, थांब!" तो रडत ओरडला.

आतला श्वास मंदावत चालला. त्यानं हेडफोन उपटून फेकले.

घरात शांतता होती. मग मागच्या खोलीकडून त्याच्या आईची, मालनबाईंची, हाक आली.

"राजू, लवकर ये रं! करुणा आतून दार वाजवतीय, अन् मला कडीच निघंना!"