अर्धं पोळं

बशीतलं साखरपाणी पिणाऱ्या रानमधमाशीच्या पाठीवर एल्विरानं ओल्या खडूचा ठिपका लावला आणि घड्याळ पाहिलं. चारच मिनिटांत ठिपकेवाली परत आली, म्हणजे पोळं जवळच. पण उडालेली प्रत्येक माशी कुंपणापलीकडे, शेजारी झेनोनासच्या ओकवृक्षाकडे जात होती आणि झेनोनास त्याच झाडाला करवत लावत होता. बांधाच्या वादावरून दोघांत अकरा वर्षं अबोला होता. लिथुआनियात मात्र दुसऱ्याच्या झाडातलं पोळं शोधलं, तर माश्या शोधणाऱ्याच्या आणि झाडमालकाच्या निम्म्या-निम्म्या; अशी मधमाश्या सामाईक असलेली माणसं सोयरी ठरतात आणि सोयऱ्यांना अबोला धरता येत नाही. बोलावं तर हा माणूस जन्माचा सोयरा, गप्प बसावं तर पोळं गेलं. तिनं कुंपण ओलांडलं. “थांब, ढोलीत माश्या आहेत.” त्यानं करवत खाली ठेवली. “कुणी शोधल्या?” “मी.” “म्हणजे अर्ध्या तुझ्या,” तो कपाळाला हात लावून म्हणाला. “भांडण मिटलं म्हणायचं.” “अबोला मिटला,” एल्विरा म्हणाली. “आता नीट भांडू.”