लाल बटण

“लाल बटण सोड आधी!” मनाली व्हिडिओ कॉलवर ओरडली. “होतं तसं कर.”

इंद्रजीतने बटण पुन्हा होतं तिथे सरकवलं. का, ते विचारलं नाही. तो कधीच विचारत नसे. “तू सांगशील ते,” एवढंच म्हणायचा, आणि मनालीला त्याचं नेमकं तेच आवडायचं. भोळी होती.

साखरपुडा झाला होता. मनाली शहापूरची, इंद्रजीत मुरबाडजवळच्या गावातला. मुलाचं घर बघायला तिचे वडील आणि काका जाऊन आले होते. लग्नाआधी मुलीने सासरचा उंबरा ओलांडायचा नाही, असा रिवाज दोन्ही घरांनी पाळला होता. त्यामुळे मनालीने ते घर इंद्रजीतच्या मोबाइलमधूनच पाहिलं होतं. खिडकीपाशी एक टेबल, टेबलाशी दोन खुर्च्या. खिडकीकडची तिची. लग्नानंतर तिथे शेजारी बसून गेम खेळायचे, हे ठरलेलं होतं. बघण्याच्या दिवशी दोघांना बोलायला म्हणून माळ्यावर पाठवलं, तर ही दोघं मोबाइलवरच्या गेमवरून भांडत बसली होती. त्यावरच लग्न जमलं, असं काका सगळ्यांना सांगत सुटले होते.

तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही, एकेक पार्ट निवडून घरीच जोडायचा, हे खूळ मनालीचं. इंद्रजीतला त्यात सात रंगांत चमकणारे पंखे हवे होते. “वरात काढायचीय का?” म्हणत तिने ते उडवून लावले आणि त्या जागी चांगलं ग्राफिक कार्ड घ्यायला लावलं. त्या कार्डासाठी तिने पार रात्रीचा दिवस केला होता. प्रोसेसर तिने निवडला, मदरबोर्ड तिने, काचेच्या दाराचं कॅबिनेट तिने. हेडफोनही दोन निवडले. त्याचा काळा, स्वतःचा जांभळा.

एकच पार्ट तिचा नव्हता. सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय. तिने चांगलाच निवडला होता, पण इंद्रजीतची आई भीमाबाई आडवी आली. “माज्या भावाचा दुकान असताना बाहेरून कशाला आणता? वीज ती वीज.” मग मामाच्या दुकानातला स्वस्तातला डबा आला. त्याच्या पाठीवर ते लाल बटण. आपल्याकडच्या विजेला ते एकाच बाजूला असावं लागतं. दुसरीकडे सरकवून वीज सोडली, की डबा फुटतो आणि जाता जाता बाकीच्यांनाही घेऊन जातो. हे मनालीने इंद्रजीतला समजावलं नाही. सांगितलेलं ऐकतो ना, मग समजवायचं कशाला?

त्या दिवशी तिने फोनवरून सांगत, त्याच्या हातांनी, सगळं जोडून घेतलं. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा शहापुरात ती नाचली आणि मुरबाडकडे तो.

आधी मामाचा डबा घरात आला, मागोमाग मामाची मुलगी. श्वेताचं नर्सिंग पूर्ण झालं आणि भीमाबाईला भावाच्या मुलीवरचा हक्क आठवला. साखरपुडा मोडल्याचा निरोप घेऊन मध्यस्थ शहापूरला आला. त्याला पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. मनालीने इंद्रजीतला फोन लावला.

“तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार? आई सांगेल ते.”

तिला रडू आलं नाही. किळस आली. त्याची आली, आणि त्याच्या ज्या गुणावर आपण भाळलो त्यासाठी स्वतःचीही आली.

इंद्रजीत-श्वेताचं लग्न उरकलं. मनालीने त्याचा नंबर पुसून टाकला, पण तो पाठ होता. एका दुपारी त्याच नंबरवरून व्हिडिओ कॉल आला.

“मनाली, कॉम्प्युटर चालूच होत नाय गो. मामाला पन जमला नाय. तूच सांग आता.”

लाज नाही, संकोच नाही. त्याच्यामागे खिडकीकडच्या खुर्चीत श्वेता बसली होती. हातात नवा चुडा, गळ्यात जांभळा हेडफोन.

“ताई, बघा ना जरा,” श्वेता म्हणाली. “तुमी लई भारी निवडलाय सगळा.”

ती मनापासून बोलली होती. तेच मनालीला जास्त लागलं.

“सॉकेट बंद कर. फोन कॅबिनेटच्या मागे ने.”

इंद्रजीतने नेला. डब्याची वायर अर्धवट निसटलेली होती. बहुतेक झाडताना हात लागला असेल.

“वायर आत दाब. घट्ट.”

त्याने दाबली. काम खरं तर इथेच झालं होतं.

“करू चालू?”

मनालीने फोनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या खिडकीकडच्या खुर्चीकडे एकवार पाहिलं.

“थांब,” ती म्हणाली. “लाल बटण दिसतंय? ते दुसऱ्या बाजूला सरकव.”

“तवा तर नको म्हनालेलीस.”

“तेव्हा नको होतं. आता पाहिजे.”

“बरं. तू सांगशील ते.”

त्याने बटण सरकवलं.

“श्वेताला जरा मागे सरकायला सांग,” मनाली म्हणाली. “आणि कर चालू.”

सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. श्वेता किंचाळली. फोन खाली पडला आणि मनालीला आधी छत दिसलं, मग कॅबिनेटची काच. काचेमागे धूर कोंडला होता. त्या धुरात तिचं ग्राफिक कार्ड होतं. मनालीचं काळीज हललं, पण ते तेवढ्यापुरतंच. तिने फोन कापला नाही.

खोकत खोकत इंद्रजीतचा चेहरा पुन्हा समोर आला. डोळे पांढरे झालेले. अजूनही तो तिच्याकडेच आशेने बघत होता.

“मनाली, आता काय करू गो?”

“आईला विचार.”