छावणीचा पाव

पुडी तिच्या हातात ठेवून भाऊ म्हणाला, "उद्याच्या पिठात मिसळ. चाखून बघू नकोस. आणि नंतर हात नीट धू."

भट्टीवालीने मूठ मिटली. मागच्या दाराने आलेला भाऊ जळणाच्या ढिगाआड उभा होता. दाढी वाढलेली, अंगावर मोळीविक्याचे कपडे. परक्या फौजेशी लढायला जंगलात गेल्यापासून तो असाच अधूनमधून यायचा. बहिणीची खुशाली विचारायचा आणि पोतंभर पाव घेऊन जायचा.

"किती जण मरतील?" तिने विचारलं.

"छावणीत जेवढे खातील तेवढे."

"जावई तिथेच खातात."

भावाने नजर दुसरीकडे वळवली. "म्हणूनच सांगतो, कोणाला बोलू नकोस. ही गोष्ट तुझ्या-माझ्यात. तिसऱ्या कानाला कळली तर सगळे मेलो."

तो गेला. ती काथवटीपाशी बसून राहिली. लेकीचा नवरा छावणीच्या कोठारावर कारकून होता. भट्टीवालीच्या घरी दोन्ही सरकारं जेवतात, असं गल्लीतले लोक म्हणायचे. तीही हसायची. पण याच छावणीच्या शिपायांनी तिच्या नवऱ्याला चौकशीला नेलं होतं. परत आला तो रक्त ओकत. फार दिवस काढले नाहीत त्याने. लेकीचं लग्न त्याआधीच झालं होतं. एकदा जोडलेलं नातं असं कसं तोडायचं? आणि दुकान चालायचं तर पाव छावणीलाच द्यायला लागायचा. रोज सकाळी पाव गाडीत भरताना तिच्या तोंडी शिव्या यायच्या. ती त्या गिळायची.

संध्याकाळी ती लेकीकडे गेली. सोबत जुन्या कपड्यांची शिवलेली दुपटी नेली. लेकीला सातवा महिना होता. जावयाने स्वतः उठून खुर्ची दिली, "बसा ना, आई," म्हणाला आणि हातपाय धुवायला आत गेला.

ती लेकीच्या कानाशी वाकली. "उद्या सकाळी त्यांना घरीच काहीतरी करून घाल. पाव नको. तूही खाऊ नकोस."

"का?"

"पीठ बरं नाहीये."

"मग विकतेस कशाला?"

आईने दुपटी तिच्या मांडीवर ठेवली. लेकीचा हात दुपट्याच्या घडीवर थांबला. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात आतून जावयाचा आवाज आला, "आई, जेवूनच जा." दोघीही दचकल्या.

पहाटे तिने पुडी पिठात उपडी केली. नवऱ्याचा शेवटचा खोकला आठवत मळत राहिली. मग हात धुतले. पुन्हा धुतले. पाव नेहमीसारखे फुगले, नेहमीसारखे खरपूस झाले. गाडीवाला ते घेऊन निघून गेला.

दुकान अर्धवट बंद करून ती आत बसली. रस्त्यावर बूट वाजले की ती दाराच्या फटीतून बघायची. पाव खाल्ला गेला तर माणसं मरणार होती. कळलं तर ती फासावर जाणार होती. आपल्याला जास्त भीती कशाची वाटतेय, हे तिचं तिलाच उमगेना. लेकीने ऐकलं असेल ना? जावई घरीच खाऊन निघाले असतील ना?

ऊन डोक्यावर आलं आणि गाडी परतली. भरलेली.

"तुमच्या जावयांनी फाटकातूनच परत पाठवली," गाडीवाला टोपल्या उतरवत म्हणाला. "पिठाला वास येतोय म्हणे. मला तर काही आला नाही बाई. आणि सासूबाईंना सांग म्हणाले, काळजी करू नका."

तो गेल्यावर तिने पदरात तोंड खुपसलं. कोणी मेलं नव्हतं. कोणी तिला धरायला येणार नव्हतं.

मागचं दार वाजलं. भाऊ आत आला. या वेळी एकटा नव्हता. दोन माणसं दाराशीच थांबली. भावाने टोपल्यांकडे पाहिलं, एक पाव उचलला आणि त्याचा लचका तोडला.

तिने त्याचं मनगट धरलं. "थुंक. आधी थुंक ते."

त्याने घास सावकाश चावला, गिळला.

"खडूची भुकटी होती, ताई."

तिने त्याचं मनगट सोडलं.

"दोनदा आमची जागा छावणीला कळली," तो म्हणाला. "पाच पोरं गेली. बातमी कोणत्या घरातून जाते तेच समजत नव्हतं. तुझ्याबद्दल मला खात्री होती, म्हणून हे काम मीच मागून घेतलं. म्हटलं, तुझ्यावरचा संशय तरी जाईल. पण पाव परत आला. कोणाला सांगितलंस?"

ती आठवू लागली. तो येऊन गेला की प्रत्येक वेळी ती लेकीला सांगायची. मामा बरा आहे. मामा सध्या खाणीच्या पलीकडे असतो. मामाचा पाय सुजलाय, पुढचे काही दिवस तिथेच राहील. मन मोकळं करायला लेकीशिवाय होतं कोण? आणि लेक तरी मन मोकळं करायला कोणाकडे जाणार? तिचं घर जावयाचंच होतं.

"नाव सांग, ताई." भावाचा आवाज चिरकला. "पोरीचं असलं तरी सांग. ज्या घरातून बातमी गेली ते घर आज राहणार नाही. मी अडवलं तरी राहणार नाही."

दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एकाने कडी लावली.

भट्टीवालीने पदराला लागलेलं पीठ झटकलं आणि भावाच्या डोळ्यांत पाहिलं.

"ते घर हेच," ती म्हणाली. "छावणीएवढं गिऱ्हाईक मला दुसरीकडे कुठे मिळणार होतं? आधीच्या दोन्ही वेळीही मीच सांगितलं होतं."