डोहाळ्यांची माती

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “कनिशाय, तुझ्या रक्तात शिसं आहे. डोहाळे लागले तरी माती खायची नाही. सोव्हिएत काळातल्या शिशाच्या खाणीखालच्या ओढ्याकाठची तर मुळीच नाही.” सासूने त्याच ओढ्याकाठून खणून आणलेली पांढऱ्या ढेकळांची थैली कनिशायने घरी येताच अंगणात भिरकावली. “चार बाळंतपणं ह्याच मातीवर काढली मी!” सासू कडाडली. “आणि जगलं एकच, आपा!” सासूला आईच्या मानाने ‘आपा’ म्हणणारी कनिशायही कडाडली. आठवडाभर अबोला होता. आज सासूने गरम नान पुढे केला. “खा. तू फेकलेल्या मातीने तंदूर लिंपलाय. वाया कशाला घालवायची?” नानच्या पाठीला पांढरे कण होते. फेकला तर अन्नाचा अपमान, खाल्ला तर पोटातल्या बाळाला शिसं. कनिशायने तो जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर मानाने सुलटा ठेवला आणि तंदूर फोडायला कुदळ उचलली. “पोटातलं हेही गमवायचं का, आपा?” सासूने दांडा धरला. “सोड, पोटुशी बाई कुदळ मारते का?” तंदुरावर पहिला घाव सासूनेच घातला.